फक्त एकच साइट आपल्या सर्व्हरवरून न्यायची आहे

धरमपेठकर: मुंबईत छोटा लिनक्स सर्व्हर भाड्यानं घेतला. क्लायंटचं अ‍ॅडमिन पॅनल ठरावीक आयपीवरूनच उघडते, अन् घरच्या ब्रॉडबँडचा आयपी राउटर बंद-चालू झाला की बदलते. उन्हाळ्यात लाइट कशी जाते, नागपूरकरांना काय सांगाचं! वायरगार्ड हे व्हीपीएन लावलं, तर बँकेची साइटही तिकडूनच जाते. फक्त पॅनल कसं न्यायचं?

महालवाला: वायरगार्डच्या अलाउड-आयपीजमध्ये ०.०.०.०/० (म्हणजे सगळेच पत्ते) टाकलं असशील. ते काढ, पॅनलचा आयपी टाक, पुढे /३२ (म्हणजे तेवढा एकच पत्ता).

धरमपेठकर: पॅनल सीडीएनमागे (बऱ्याच सर्व्हरांच्या जाळ्यामागे) आहे. आयपी टिकतच नाही.

महालवाला: मग वायरगार्ड सोड बावा. ते आयपी पाहून वाट ठरवते, साइटचं नाव त्याला समजत नाही. एसएसएचला (दूरच्या सर्व्हरला सुरक्षित जोडणारा प्रोग्राम) -डी (कॅपिटल) १०८० देऊन सर्व्हरला जोड, लॅपटॉपवरच सॉक्स प्रॉक्सी तयार, म्हणजे ब्राउझरचं काम सर्व्हरमार्फत नेणारा मध्यस्थ. मग ब्राउझरला पॅक फाइल (कोणती साइट कुठून न्यायची ते सांगणारी) दे: होस्ट पॅनलचा असेल तर १२७.०.०.१:१०८०, नाहीतर डायरेक्ट. चार ओळींचं काम आहे.

बर्डीचा_पोट्टा: पॅकमध्ये ‘सॉक्स५’ लिहा. नुसतं ‘सॉक्स’ लिहिलं, तर फायरफॉक्स चौथी आवृत्ती धरते.

धरमपेठकर: चाललं! पण लाइट गेली की एसएसएच तुटते.

महालवाला: ऑटोएसएसएच टाक, तुटलं की ते आपोआप पुन्हा जोडते. अन् राउटरले छोटा यूपीएस घे ना बे.