सरकीतलं विष: बिगर-ठिपक्यांची पऱ्हाटी का नाही?

कास्तकार_यवतमाळ:
घरच्या कोंबड्यांना सरकी ढेप लावली, तर अंडी चार दिवस ठेवली की बलक हिरवट पडतो. सरकी ब्लेडनं उभी चिरून पाहिली. पांढऱ्या गरात बारीक काळे ठिपके आहेत, तसेच पानावर अन् देठावरही. हेच विष असेल तर ते नसलेलं वाण का काढत नाहीत? गाईला तीच ढेप चालते ना?

बीजपारखी:
भाऊ, कोंबड्यांची ढेप आधी बंद करा. त्या ठिपक्यांत म्हणजे ग्रंथींत गॉसिपॉल नावाचं विष असतं. गाईच्या कोठीपोटात ते बऱ्याच अंशी बांधलं जातं. कोंबडीला, माणसाला ती सोय नाही. लहान वासरालाही देऊ नका.

तुम्ही म्हणता तसं वाण निघालं होतं. 1950 च्या दशकात अमेरिकेत मॅकमायकेल यांनी बिनग्रंथींची कपाशी काढली. दोन जनुकं निकामी झाली की ग्रंथीच धरत नाहीत. पण मग पानंही निर्विष झाली, आणि एरवी कपाशीला तोंड न लावणारे किडेही तिच्यावर तुटून पडले. वाण शेतात टिकलं नाही.

खरी कमाल पुढे आहे. टेक्सासमध्ये कीर्ती राठोड यांच्या गटानं 2006 मध्ये गॉसिपॉल बनवणारं एक जनुक आरएनएच्या (जनुकाचा निरोप नेणाऱ्या रेणूच्या) तंत्रानं गप्प केलं, पण ते गप्प करणारं बटण फक्त बियात चालू होणारं निवडलं. सरकीतलं विष अगदी कमी झालं, पानं-बोंडं पहिल्यासारखीच कडू. 2018 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं त्या कपाशीच्या लागवडीला मोकळीक दिली. सरकीत वीस टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात, ती माणसाच्या ताटात यायलाच हवीत असं मला मनापासून वाटतं.

रानवाट:
मग एवढं विष असून बोंडअळी कशी खाते?

बीजपारखी:
अळीनं पान कुरतडलं की झाडात जास्मोनिक आम्ल, म्हणजे इजेचा इशारा देणारं संप्रेरक, वाढतं. संरक्षणाची जनुकं दाबून धरणारी प्रथिनं त्यामुळे मोडतात आणि नव्या पानांत ग्रंथी दाट येतात. पण हिरव्या बोंडअळीच्या आतड्यातही गॉसिपॉल पचवायला मदत करणारं एन्झाइम आहे. 2007 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी अळीतलं त्या एन्झाइमचं जनुक दाबणारा आरएनए झाडात तयार करवला. तो पाला खाल्लेल्या अळ्यांची गॉसिपॉलच्या खाद्यावर वाढ खुंटली.