गोड पांढरी वाइन: मातीची करामत की द्राक्षाची?

माळवेकर (इंदूर): बहिणीने फ्रान्सहून आणलेली, तिथल्या सोतेर्न भागातल्या गोड पांढऱ्या वाइनची छोटी बाटली परवा उघडली. रंग जुन्या मधासारखा, वास जर्दाळूच्या मुरंब्याचा, तरीही शेवटी जिभेवर आंबटपणा रेंगाळला. हे मातीमुळे होते की जातीमुळे?

द्राक्षमित्र: गोडी थेट मातीतून येत नाही. सोतेर्नमधल्या सेमियाँ या द्राक्षाची साल पातळ असल्यामुळे बोट्रायटिस ही बुरशी तिच्यात सहज शिरते, फळातले पाणी उडून जाते आणि साखर व आम्ल दोन्ही दाट होतात. सिरों नदीचे थंड पाणी उबदार गारोन नदीला मिळते, तिथे शरद ऋतूत पहाटे धुके दाटते आणि त्या ओलाव्यात ही बुरशी वाढते. दुपारी ऊन पडले नाही, तर मात्र नुसती कूज हाती लागते.

रामबागकर: मातीला इतके बाजूला सारू नये. आपल्या काळ्या मातीत पाणी धरून राहते, तर सोतेर्नच्या खडीतून ते झटकन निथळते. शेजारच्या बार्साकमधली वाइन चुनखडीमुळे अधिक हलकी व तजेलदार लागते, असे जाणकार मानतात.

माळवेकर: मग हंगेरीतल्या टोकाई या गोड वाइनचे काय?

द्राक्षमित्र: तिथे ज्वालामुखीजन्य जमीन आणि फुर्मिंट हे द्राक्ष. असू, म्हणजे बुरशी लागलेल्या द्राक्षांच्या तिथल्या गोड वाइनमध्ये, लिटरला किमान १२० ग्रॅम साखर असते, पण फुर्मिंटचे आम्ल इतके तीक्ष्ण की ती पाकासारखी चिकट वाटत नाही. तुम्हाला जाणवलेला आंबटपणा त्याच जातकुळीचा.