हिवर का बाभूळ? आधी साल बघा

ताई, तुम्ही विचारलंय झाडं ओळखायला फोटोवालं पुस्तक घेऊ का चित्रांचं, मी म्हणतो ते राहू द्या, आधी त्यात साल आन शेंगा दाखवल्यात का ते बघा. आपल्याकडं ऐन उन्हाळ्यात निम्मी झाडं बिनपानाची, तेव्हा फुलांच्या रंगावर लावलेलं पुस्तक काय कामाचं?

हिवर आणि बाभूळच घ्या ना, बांधावर दोन्ही शेजारीशेजारी, पानं बारीक, काटे दोन्हीला, लोक सरसकट बाभूळ म्हणून मोकळे होतात. पण बाभळीची साल काळपट, उभ्या भेगा पडलेली, शेंग दोन दाण्यांमधे आवळलेली, माळ ओवल्यासारखी, अन फुलाचे गोंडे पिवळेधमक. हिवराची साल फिकट पिवळसर, गोंडे पांढुरके आन फांदीच्या टोकाला मोठ्या झुपक्यात. एकदा डोळ्यात बसलं की एसटीच्या खिडकीतून पण कळतं!

नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या जंगलाकडं जाणार असाल तर प्रदीप क्रिशन यांचं 'जंगल ट्रीज ऑफ सेंट्रल इंडिया' घ्या, इंग्रजी आहे अन जड पण आहे, पण साग, धावडा, सालई ही तिकडचीच मंडळी. वि. ना. नाईकांचं १९९८ चं 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' सुरुवातीलाच घेऊ नका, ते अभ्यासकांसाठीय.

आणि हो, कडुलिंबासारखं संयुक्त पान असलं, म्हणजे एकाच देठावर बारकी बारकी पानं, की अख्खं पान कोणतं अन त्यातली बारकी पानं, म्हणजे पर्णिका, कोणत्या यात गोंधळ होतो, डोळा, म्हणजे नवी फूट येणारा कोंब, अख्ख्या पानाच्या देठाच्या बेचक्यात असतो, पर्णिकेच्या नाही, तिथनं पुढचं सगळं एक पान मोजा.