राऊटर टेबल विकतच घ्यावं लागते का?

भाऊ, पट्ट्या जोडून ढोल बनवायला राऊटर टेबल (लाकडाच्या कडा कापायची मशीन म्हणजे राऊटर, ती खालून उलटी बसवलेलं टेबल) विकतच पाहिजे का विचारलं तुम्ही, तर बिलकुल नाही. मी 18 एमएम प्लायचा तुकडा घेतला, राऊटरची प्लास्टिकची बेसप्लेट काढून तिच्यावरूनच भोकं पाडली अन् मशीन खालून उलटी लटकवली (जुने स्क्रू आखूड पडतात, लांब आणा). फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरळ सरकवायचा आधार, ती सागाची सरळ पट्टी, एका टोकाला बोल्ट, दुसऱ्याला सी-क्लॅम्प (आवळायचा शिकंजा), बस. 8 पट्ट्या असल्या तर प्रत्येक कडेला 22.5 अंशाचा तिरपा काप, 12 असल्या तर 15. अर्धा अंश चुकला की 8 पट्ट्यांच्या 16 कडा मिळून 8 अंशाचा घोळ, माझा पहिला ढोल असाच चुलीत गेला. लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवा, उलटं केलं की बिट (मशीनचं फिरणारं पातं) लाकूड हातातून हिसकून घेते. अन् आमच्यासारखी लाइट जात असन तर गेल्याबरोबर आधी स्विच बंद करा, नाहीतर लाइट आली की मशीन आपोआप फिरन, मग चहा प्या.