गोव्याच्या हवेत आयव्हीची छाटणी: कधी, कुठून, किती?

दारातली_अबोली (फोंडा):
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी नणंदेने बेळगावहून येताना आयव्हीचं छोटं रोप आणून दिलं. पाच टोकांची पानं, कडा पांढरट. पूर्वेच्या गॅलरीत टांगलेल्या कुंडीत लावलं. पहिलं वर्ष छान गेलं. आता चार वेली दीड-दीड हात लोंबतायत, पण पानं फक्त शेंड्याकडे, वरचा अर्धा भाग नुसत्या काड्या. पाचवी वेल अख्खी हिरवी निघाली आहे आणि तीच सगळ्यांत जोरात धावतेय. तारेच्या कड्यावर चढवून चवथीला देवाजवळ ठेवायची फार इच्छा होती, यंदा राहून गेलं. दिवाळी झाली, आता कापू का? कापायची तर कुठून? नणंदेच्या हातचं रोप आहे, गमवायचं नाही.

सत्तरीचा_पाऊस (वाळपई):
आयव्ही म्हणजे नेमकी कुठली, ताई? आमच्याकडे मनी प्लांटलाही आयव्ही म्हणणारे आहेत. दोघांची छाटणी सारखीच, पण आजार वेगळे.

दारातली_अबोली:
मनी प्लांट नाही. पान तळहाताच्या निम्म्याहून लहान, शिरा पांढुरक्या, आणि काडीला बारीक केसांसारखी मुळं फुटलेली आहेत.

कुळागर (प्रियोळ):
मग ती खरी आयव्ही, हेडेरा. अबोलीताई, कात्री हातात घेण्याआधी एक काम करा. काड्यांच्या जवळचं, निस्तेज झालेलं एखादं पान पांढऱ्या कागदावर धरून टिचकी मारा. कागदावर मिरीच्या पुडीसारखे ठिपके पडले आणि ते हळूहळू चालू लागले, तर तो लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. पानाखाली बारीक जाळंही दिसेल. वेल उघडी पडण्याचं कारण पुष्कळदा तेच असतं, आणि त्यावर छाटणी हा उपाय नाही. आधी कुंडी मोरीत नेऊन पानांच्या खालच्या बाजूने जोरात पाणी मारा. मग एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. आठ दिवसांनी परत. कोरडी, गरम हवा कोळ्याला मानवते. एसीच्या बाहेरच्या यंत्राचा वारा कुंडीवर येत असेल तर जागा बदला.

आता वेळ. आयव्ही थंड मुलखातली. पुस्तकं वसंतात कापा म्हणतात, ते तिकडे खरं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उकाड्यात कापलेली वेल फुटायला फार कष्ट घेते. नोव्हेंबर ते जानेवारी रात्री गारवा असतो, दिवसा ऊन सोसवतं, पाऊस नसतो. तुम्ही अगदी वेळेवर विचारलंत.

चिऱ्याची_भिंत (म्हापसा):
वेळेबद्दल कुळागरबाब सांगतात ते मी अनुभवाने सांगू शकतो. पावसात सगळंच फुटतं म्हणून मी मागच्या जूनमध्ये कापली. कापलेली टोकं काळी पडली, पानांवर तेलकट डाग आले, त्यांच्याभोवती पिवळं कडं, आणि महिन्याभरात तीन वेली गेल्या. पानं सतत ओली राहिली की हा रोग पाण्याच्या थेंबांबरोबर पसरतो. जून ते सप्टेंबर कात्री पेटीत ठेवा आणि कुंडी पागोळ्यांपासून दूर.

फक्त एक विचारतो. नुसत्या काड्या आहेत तर सरळ मातीपासून चार बोटांवर सगळ्याच का कापू नयेत? आमचे थोरले काका तसंच करायचे, झुडूप व्हायचं.

कुळागर:
अंगणातल्या जोमदार वेलीला चालतं. ही कुंडीतली, उन्हाळा सोसलेली, कदाचित कोळी लागलेली. तिची सगळी पानं एकदम घेतली तर नवी फूट कशाच्या जोरावर निघणार? चारही एकदम नकोत. आज दोन वेली, त्या फुटल्या की उरलेल्या दोन.

कुठून कापायचं ते जवळून बघा, ताई. काडीवर जिथे पानाचा देठ जुळलेला असतो (किंवा पान गळून खूण राहिलेली असते) ती गाठ म्हणजे पेर. पेराच्या बेचक्यात तांदळाच्या कणीएवढा फुगवटा दिसेल, तो डोळा. शेंड्यातून ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक खाली उतरत असतं, तोवर हे डोळे झोपलेले राहतात. शेंडा गेला की खालचे दोन-तीन जागे होतात. म्हणून काप पेराच्या वर, पाव इंचावर. पेरांच्या मधोमध कापलंत तर वरचा तुकडा वाळतो. काडी जिवंत आहे का हे कळत नसेल तर नखाने साल हलकेच खरवडा. खाली हिरवं दिसलं तर ती फुटू शकते. तपकिरी आणि कोरडं असेल तर हिरवं लागेपर्यंत मागे या.

सिकेटरची (फांद्या छाटायच्या मोठ्या कात्रीची) गरज नाही, धारदार छोटी कात्री पुरे. आधी ती स्पिरिटने पुसा.

हिरवी वेल मात्र बुंध्यापासून काढा, थोडीही ठेवू नका. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे पूर्ण हिरवी फांदी जास्त अन्न करते आणि बाकीच्यांना मागे टाकते. ठेवलीत तर दोन वर्षांत अख्खी कुंडी हिरवी होईल.

सत्तरीचा_पाऊस:
हातमोजे विसरू नका! आयव्हीच्या रसात फाल्करिनॉल नावाचं द्रव्य असतं, काहींच्या कातडीला ते झोंबतं. माझ्या बहिणीच्या मनगटावर चार दिवस पुरळ होतं, आणि कारण कळेपर्यंत आम्ही साबण बदलत होतो. घरात मांजर-कुत्रा असेल तर कापलेली पानं जमिनीवर पडू देऊ नका, पोटात गेली तर त्यांना ओकाऱ्या होतात.

कुळागर:
बरोबर. आणि कापलेले शेंडे टाकू नका. चार इंचांचे तुकडे करा, खालची पानं काढा, ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या सोडणाच्या भुशात) खोचा आणि सावलीत ठेवा. महिन्याभरात मुळं धरतात. आठ तुकडे लावलेत तर नणंदेचं रोप कुठे जात नाही, आणि त्यातली दोन तिलाच परत पाठवता येतील.

छाटल्यावर पाणी कमी करा. पानं कमी म्हणजे पाण्याची ओढही कमी. वरची बोटभर माती कोरडी झाल्याशिवाय घालू नका. खत फुटवे दिसल्यावरच.

चिऱ्याची_भिंत:
पटलं. माझ्या चिऱ्याच्या कुंपणावरच्या वेलीचं काय? लोक तिलाही आयव्हीच म्हणतात. बारीक पानं, भिंतीला घट्ट.

कुळागर:
ती भिंतीवरची अंजीरवेल, फायकस प्युमिला. वडाच्या कुळातली, हिला आपली हवा फार मानवते. वर्षातून दोन-तीनदा कापा. भिंतीपासून सुटून पुढे आलेल्या, मोठ्या जाड पानांच्या फांद्या दिसल्या की लगेच काढा. वेल वयात आल्याची ती खूण, पुढे फांद्या जाडजूड होतात. घराच्या भिंतीवर, कौलांच्या जवळ मात्र चढू देऊ नका.

दारातली_अबोली:
आज पाच आठवडे झाले, म्हणून लिहायला आले. कागदावर ठिपके चालले! दोनदा फवारलं. मग दोन वेली कापल्या, हिरवी मुळापासून काढली. एक काडी नखाने खरवडली तर तपकिरी होती, तीन पेरं मागे आले तेव्हा हिरवं लागलं. त्याच काडीवर काल दोन डोळे फुटले. गुलाबी-पांढरी घडी घातलेली पानं, मोहरीएवढी. दुसऱ्या वेलीवर पाच आहेत. तुकडे नऊ लावले होते, त्यांपैकी सहा घट्ट धरलेत, हलकेच ओढून पाहिलं.

आता कड्याचं सांगा. तार कसली घेऊ?

कुळागर:
छान झालं, बाय! न गंजणारी ॲल्युमिनियमची तार घ्या, वितीएवढं कडं करा, दोन्ही टोकं कुंडीत खोल रोवा. फुटवे बोटभर झाले की एक डावीकडून, एक उजवीकडून तारेभोवती फिरवा. बांधायला केळीच्या सोपाचा (खोडाच्या सालीचा) दोरा घ्या, अबोलीच्या फात्या म्हणजे गजरे करतो तोच. तो काडीला कापत नाही. सैल बांधा. आठवड्याला कुंडी पाव वळसा फिरवा, नाहीतर सगळी पानं उजेडाकडे तोंड करतील. कड्याबाहेर गेलेला प्रत्येक शेंडा दोन पेरांवर खुडत राहिलात तर मेपर्यंत कडं बऱ्यापैकी भरेल. पावसाळ्यात छपराखाली घ्या.

दारातली_अबोली:
देव बरें करूं. तार उद्याच आणते. उरलेल्या दोन वेली रविवारी कापते, या वेळी नणंदही येतेय.