३७व्या आठवड्यात मुहूर्ताचं सिझर, की कळांची वाट?

अबोली

पहिलंच बाळंतपण, वय २९. पाळीच्या तारखेप्रमाणे आज ३५ आठवडे २ दिवस. बाळाचं डोकं खाली, सोनोग्राफीत वजन अंदाजे २.३ किलो, वार (प्लासेंटा) वरच्या बाजूला. बीपी आणि साखर व्यवस्थित. हिमोग्लोबिन ९.४. ११व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत प्रसूतीची तारीख पाळीच्या हिशेबापेक्षा ८ दिवस पुढची आली होती, पण फाइलवर पाळीचीच तारीख चालू आहे.

सासरी गुरुजींकडून मुहूर्त काढून आणलाय: आजपासून १६ दिवसांनी, पहाटे ४.१० ते ४.५०. म्हणजे ३७ आठवडे ४ दिवस भरलेले असतील. डॉक्टर म्हणाले, "करता येईल, तुम्ही ठरवा." आईचं म्हणणं, कळांची वाट बघ. मला कळांची फार भीती वाटते, त्यामुळे सिझर नकोच असंही नाही. पुढे दुसरं मूल हवं आहे. ३७ पूर्ण म्हणजे बाळ तयार झालं असं धरायचं का? आणि आईच्या दृष्टीने दोन्हींत नेमका फरक काय?

वैशाखी (स्त्रीरोग व प्रसूती)

अबोलीताई, मुहूर्ताचा विचार बाजूला ठेवा आणि आधी फाइलवरची तारीख दुरुस्त करून घ्या. ११व्या आठवड्यातलं बाळाच्या लांबीचं माप आणि पाळीचा हिशेब यांत ७ दिवसांहून जास्त फरक असेल, तर सोनोग्राफीची तारीख धरायची असते. तुमचा फरक ८ दिवसांचा आहे. त्या हिशेबाने आज ३४ आठवडे १ दिवस झालाय आणि मुहूर्ताच्या पहाटे ३६ आठवडे ३ दिवस होतील. ही वेळेआधीची प्रसूती झाली. कोणतंही वैद्यकीय कारण नसताना ती घडवून आणणं योग्य नाही. शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून ही तारीख बदलू देऊ नका. त्या वेळच्या मापात दोन-तीन आठवड्यांची चूक सहज असते.

आता "३७ पूर्ण म्हणजे तयार" याबद्दल. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत पाणी भरलेलं असतं. कळा सुरू झाल्या की बाळाच्या शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं वाढतात आणि फुप्फुसं ते पाणी शोषायला लागतात. कळांशिवाय सिझर केलं की ही तयारी अर्धवट राहते, आणि बाळ जितकं कमी दिवसांचं तितका त्रास जास्त. २००८ साली डेन्मार्कमधल्या मोठ्या अभ्यासात कळांआधी ठरवून केलेल्या सिझरनंतर श्वासाचा त्रास झालेल्या बाळांचं प्रमाण ३७व्या आठवड्यात १०%, ३८व्यात ५.१% आणि ३९व्यात २.१% निघालं. नॉर्मलच्या वाटेने गेलेल्यांत हेच आकडे २.८, १.७ आणि १.१ होते. ३९ पूर्ण झाल्यावर दोन्ही वाटांमधलं अंतर किती कमी होतं ते पाहा.

हा त्रास दिसायला कसा असतो, तेही सांगते. बाळ रडतं, रंगही चांगला असतो, आणि अर्ध्या तासात कण्हायला लागतं. नाकपुड्या फुगतात, श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडतो, श्वास मिनिटाला ६० च्या वर जातो. बहुतेक बाळं दोन-तीन दिवसांत सावरतात. पण ते दिवस बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात), आई टाके सांभाळत वॉर्डात, आणि पहिला चीक वाटीत काढून पाठवायचा.

"फुप्फुसं तयार व्हायची इंजेक्शनं देऊन करू" असं कोणी सुचवेल. ती इंजेक्शनं खरोखर वेळेआधी होणाऱ्या प्रसूतीसाठी आहेत. ३४ ते ३६ आठवड्यांतल्या गरोदर बायकांवरच्या २०१६ च्या अमेरिकन अभ्यासात त्यांनी श्वासाचा त्रास कमी झाला, पण बाळाची साखर उतरण्याचं प्रमाण १५ वरून २४ टक्क्यांवर गेलं. मुहूर्त गाठण्यासाठी ती घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

डॉ. जोगळेकरबाई

वैशाखींनी बाळाचं सांगितलं, मी आईच्या बाजूचं लिहिते. वैद्यकीय कारण नसताना स्वतःच्या इच्छेने सिझर मागणं यात गैर काही नाही. नीट समजावून सांगितल्यानंतरही बाईचा तोच निर्णय असेल तर तो मान्य करावा, असं ब्रिटनमधल्या 'नाइस' या आरोग्यविषयक संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही २०११ पासून सांगतात. तेव्हा कोणी "घाबरट" म्हटलं तर मनावर घेऊ नका.

ठरवून केलेल्या सिझरचा फायदा खरा आहे. खाली मोठी फाट पडत नाही. पहिलटकरणींत साधारण १०० पैकी ६ जणींना गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणारी फाट पडते. ती लगेच ओळखून ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नीट शिवली तर बहुतेकींना वर्षभराने काही त्रास उरत नाही, पण काहींना वायू किंवा शौच आवरत नाही, आणि त्या कुणाला सांगतही नाहीत. पुढे खोकताना लघवी होणं, अंग बाहेर येणं याचंही प्रमाण सिझरनंतर कमी असतं. पूर्ण टळत नाही मात्र, कारण नऊ महिन्यांचं ओझं ओटीपोटाच्या स्नायूंनी उचललेलंच असतं. तिसरी गोष्ट फार कमी सांगितली जाते. नॉर्मलचा प्रयत्न करता करता मध्येच घाईने सिझर करावं लागलं, तर ते ठरवलेल्या सिझरपेक्षा जास्त त्रासाचं असतं. थकलेली गर्भपिशवी नीट आवळत नाही, बाळाचं डोकं खाली रुतलेलं असतं, जखम पिकण्याची शक्यता वाढते.

दुसऱ्या बाजूला, सिझर हे पोटाचं मोठं ऑपरेशन आहे. त्वचा, चरबी, स्नायूंवरचं जाड आवरण, पोटाचा पडदा, मग मूत्राशय खाली सारून पिशवी, एवढे थर उघडून पुन्हा शिवायचे असतात. रक्त जास्त जातं, पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही.

पण तुम्हाला दुसरं मूल हवंय, म्हणून माझा जोर पुढच्या बाळंतपणावर आहे. पिशवीवर एक व्रण असला की पुढची वार त्या व्रणावर बसू शकते आणि आत रुतू शकते. असं क्वचितच होतं, पण होतं तेव्हा जिवावर बेततं. एक सिझर झालेलीची वार पुढच्या वेळी पिशवीचं तोंड झाकून बसली, तर ती रुतलेली असण्याची शक्यता ११% आणि दोन सिझर झालेलीत ४०%, असं २००६ च्या अमेरिकन अभ्यासात आढळलं. अशा वेळी पुष्कळदा पिशवीच काढावी लागते. एका मुलावर थांबणाऱ्या बाईसाठी हा मुद्दा जवळजवळ बाद होतो. दोन-तीन मुलं हवी असलेल्या बाईसाठी माझ्या मते सगळ्यांत वजनदार मुद्दा हाच.

"पहिलं सिझर, दुसरं नॉर्मल" हे शक्य असतं. प्रयत्न करणाऱ्यांपैकी साधारण ७२ ते ७५ टक्के जणींना जमतं, आणि कळा आपोआप आल्या तर व्रण उसवण्याचा धोका दोनशेत एक इतका असतो. मात्र त्यासाठी चोवीस तास भूलतज्ज्ञ, ओटी आणि रक्त हाताशी असणारं हॉस्पिटल लागतं. तालुक्याच्या ठिकाणी ते नसलं तर डॉक्टर दुसरंही सिझरच करतात, आणि सोय नसताना त्यांचं ते बरोबरच आहे. पहिल्या सिझरचा निर्णय घेताना दुसऱ्या वेळी तुम्ही कोणत्या गावी असाल, याचाही विचार करा.

ओटी_भूल

भूलतज्ज्ञ म्हणून दोन मुद्दे.

पहिला, हिमोग्लोबिन. ९.४ वर ठरवून ऑपरेशनला घेणं मला पटत नाही. सिझरमध्ये अर्धा ते एक लिटर रक्त जाऊ शकतं. गोळी घेत असाल तर चहा-कॉफीबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि कॅल्शियमच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा. पण एवढ्या उशिरा फक्त गोळ्यांवर भागणं कठीण आहे. डॉक्टरांना शिरेतून लोह देण्याबद्दल विचारा. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत सलाइनमधून देता येतं. त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. आज घेतलं तर ३९व्या आठवड्याला उपयोगी पडेल, १६ दिवसांनी जेमतेम. नॉर्मल झाली तरी हे लोह वाया जात नाही.

दुसरा, पहाटे ४.१०. दिवसा ठरवलेल्या ऑपरेशनला पूर्ण टीम असते. पहाटे बालरोगतज्ज्ञ घरून येणार, रक्तपेढीत एकच माणूस, आणि त्याच वेळी खरी तातडीची केस आली तर ओटी तिला द्यावी लागणार. मुहूर्त हवाच असेल तर ३९ पूर्ण झाल्यानंतरचा, आणि दिवसा आठ ते चारमधला मागा. मुहूर्तात जन्माची वेळ धरतात, हेही लक्षात ठेवा. भूल दिल्यापासून ती चढून, कापडं लावून बाळ बाहेर यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. घड्याळाकडे बघत ती वेळ कमी करायला कुणालाही लावू नका.

प्रत्यक्षात काय होतं: सहा तास आधी जेवण बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पाठीत केसासारख्या बारीक, पेन्सिलीच्या टोकाच्या सुईने सुमारे २ मिली औषध. पाय गरम होतात, मग जड. बर्फाचा किंवा स्पिरिटचा गारवा छातीपर्यंत जाणवेनासा झाला की सर्जनला सुरू करायला सांगतो. दुखत नाही, पण ओढल्यासारखं, पोटावर कुणी दाबल्यासारखं जाणवतं. ते आधी माहीत असलं तर बाई घाबरत नाही. बीपी उतरून मळमळतं, तेव्हा लगेच सांगायचं, औषध तयारच असतं. "पाठीतल्या इंजेक्शनने जन्माची पाठदुखी लागते" हे खरं नाही. काहींचं डोकं दुखतं, बसलं की वाढतं आणि आडवं झालं की कमी होतं. त्यावर उपचार आहेत, अंगावर काढू नका.

अबोली

तारखेचं लक्षातच आलं नव्हतं. आज फोन करून विचारलं, सोनोग्राफीची तारीख धरायची म्हणाले. लोहाचं सलाइन परवा. १६ दिवसांनंतरचा मुहूर्त रद्द, हे घरीही पटलंय. आता ३९ पूर्ण झाल्यावर सिझर की वाट पाहायची, एवढंच उरलंय. भीती मात्र तशीच आहे.

प्रसूतिकक्ष_सिस्टर

ताई, भीती नेमकी कशाची ते आधी सुटं करा, कारण प्रत्येकीवर उपाय वेगळा आहे.

दुखण्याची असेल तर एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं औषध) मिळतं का ते आत्ताच विचारा, आणि रात्री दोनला मिळतं का हे वेगळं विचारा. कमी ताकदीचं औषध दिलं तर पाय हलवता येतात. जोर लावायचा टप्पा थोडा लांबतो, पण त्यामुळे सिझरचं प्रमाण वाढत नाही.

फाटण्याची असेल तर ३५ आठवडे भरले की सुरुवात करता येईल. जिथे टाके पडतात त्या भागाचा मसाज, आठवड्यातून तीन-चारदा, पाच मिनिटं. नखं कापून, हात धुऊन, अंगठ्यांना खोबरेल लावायचं, ३–४ सेंटिमीटर आत, खाली आणि बाजूला ताणायचं, चुरचुरेल इतपत. वार खाली असेल, पाणी जात असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर करायचा नाही. पहिलटकरणींत याने टाके घालायची वेळ कमी येते. प्रत्यक्ष डोकं दिसायला लागल्यावर कोमट पाण्याची घडी धरणं आणि डोकं सावकाश बाहेर येऊ देणं, हे आमचं काम.

"कोणी विचारणार नाही, एकटी पडेन" अशी असेल तर सोबत एक बाई आत राहू देतात का ते विचारा. सरकारी रुग्णालयांतही 'लक्ष्य' या प्रसूतिकक्ष सुधारण्याच्या कार्यक्रमात त्याला परवानगी आहे.

आणखी एक, फार महत्त्वाचं. कळा सुरू झाल्या झाल्या दाखल होऊ नका. पिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा वेळ पहिल्या खेपेला खूप लांबू शकतो, एक दिवससुद्धा. लवकर दाखल झालेल्या बाईला सगळे तपासत राहतात, नातेवाईक दारात उभे, आणि ३ सेंटिमीटरलाच "पुढे सरकत नाही" म्हणून सिझर होतं. जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून सांगते आहे की ५ च्या आधीचा संथपणा हे एकट्याने सिझरचं कारण नाही. तुमच्या हॉस्पिटलात पहिलटकरणींपैकी कितींचं सिझर होतं हेही विचारा. देशभरात २०१९–२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत सगळ्या बाळंतपणांत मिळून सिझरचं प्रमाण खासगीत ४७.४% आणि सरकारीत १४.३% होतं.

वैशाखी (स्त्रीरोग व प्रसूती)

अबोलीताई, तुमच्या माहितीवरून (डोकं खाली, वार वर, दुसरं मूल हवं) मी नॉर्मलकडे झुकेन, एपिड्युरलची सोय पक्की करून. तरीही सिझर ठरवलंत तर ३९ पूर्ण झाल्यावरची तारीख घ्या, आणि एक गोष्ट घरच्यांच्या कानावर घाला. दहातल्या सुमारे एकीला ३९ आठवड्यांच्या आधीच कळा येतात. तसं झालं तर ठरलेल्या दिवसाची वाट पाहत घरी बसायचं नाही. खाणं थांबवायचं आणि निघायचं.

नॉर्मलची वाट पाहत असाल तर पाच मिनिटांनी एक, पाऊण ते एक मिनिट टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघा. पाणी गेलं, ते हिरवट दिसलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे चमकलं, तर कळा मोजत बसू नका, लगेच निघा. फाइल, रक्तगटाचा रिपोर्ट आणि ११व्या आठवड्याची सोनोग्राफी एका पिशवीत दाराजवळ ठेवा. रात्री ड्युटीवरच्या नवीन डॉक्टरांना तुमची खरी तारीख त्या कागदावरूनच कळणार आहे.