बालकलाकाराने मोठेपणी घरातलं लिहावं का?

कोपरीची_ताई

माझी धाकटी बहीण वयाच्या सातव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत मालिकांमध्ये कामं करत होती. आता ती पस्तिशीला आली आहे आणि गेलं दीड वर्ष त्या पाच वर्षांबद्दल लिहिते आहे. एकशेवीस पानं झाली आहेत. दिवाळीनंतर प्रकाशकाला द्यायचं तिच्या मनात आहे. यावरून घरात उभी फूट पडली आहे. मामा म्हणतो, माझ्या बहिणीची, तुमच्या आईची, अब्रू चव्हाट्यावर आणू नका. मी म्हणते, छापू दे. तुमचं मत हवं आहे, म्हणून त्या पानांत मी स्वतः कशी दिसते तेही सांगते.

घोडबंदर रोडवर ओवळ्याच्या पुढे एका भाड्याच्या बंगल्यात शूटिंग होतं. सीनमध्ये तिला रडायचं होतं. ग्लिसरीनने डोळे लालभडक झाले, पण पाणी येईना. टेकवर टेक वाया जात होते, शिफ्ट संपत आली होती. शेवटी असिस्टंट तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "तुझी आजी आठव." आमची आजी जाऊन तेव्हा तेरा दिवससुद्धा झाले नव्हते. ती रडली, पहिल्याच टेकला ओके झालं आणि सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. पुढचं तिचं वाक्य असं आहे: "कोपऱ्यात ताई डबा घेऊन उभी होती. तिने डबा खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या."

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. सुट्टी असली की तिच्यासोबत जायचे, पाण्याची बाटली आणि डबा सांभाळायचे. मला तो दिवस अभिमानाचा म्हणून आठवत होता. त्यानंतर आजीसाठी तिला कधी रडूच आलं नाही, हे मला इतक्या वर्षांनी तिच्या वहीतून कळलं. एका घरात, एका खोलीत आम्ही दोघी झोपायचो.

जेनेट मॅककर्डी या अमेरिकन अभिनेत्रीचं पुस्तक वाचून हिला लिहायचा धीर आला. 'आयकार्ली' ही मुलांची मालिका तिकडे २००७ ते २०१२ चालली, त्यात ती होती. अभिनयाची हौस तिच्या आईची. वजन वाढू नये म्हणून अकराव्या वर्षापासून लेकीला मोजूनमापून खायला शिकवणारीही आईच. आई २०१३ साली कर्करोगाने गेली, पुढे जेनेटने अभिनय सोडला, आणि २०२२ साली पुस्तक आलं. त्याच्या नावाचाच अर्थ 'आई गेली याचा मला आनंद आहे' असा होतो. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. लहानपणी तिने एक पटकथा लिहून आईला दाखवली, तर आई म्हणाली, लेखक गबाळे राहतात आणि जाडे होतात, तू अभिनयच कर. म्हणजे त्या मुलीला काय हवं होतं ते तेव्हाच कागदावर लिहिलेलं होतं.

आमची आई जिवंत आहे, त्र्याहत्तर वर्षांची आहे. तिने अजून वाचलेलं नाही.

ओवळ्याचा_बाबा

ताई, स्पष्ट लिहितो, रागावू नका. माझी नऊ वर्षांची मुलगी सध्या एका मालिकेत काम करते. कॉलटाइम सातचा असला की बायको पाचला उठून तिचा डबा करते, वेणी घालते, रिक्षात बसून पाठांतर घेते. नोकरी सोडून दिली तिने यासाठी. चेक तीन-तीन महिने येत नाही, तोवर घर माझ्या पगारावर चालतं. हे सगळं कोण लिहिणार? मुलगी मोठी होऊन लिहील तेव्हा तिला पहाटेची आई आठवणार नाही, "पाठ कर" म्हणून ओरडलेली आई आठवेल. मुलांना ओरडलेलंच लक्षात राहतं.

आणि त्या अमेरिकन बाईने आई गेल्यावर लिहिलं. उत्तर द्यायला समोर माणूसच नाही. याला मी धाडस म्हणणार नाही. तुमच्या घरात तर आई जिवंत आहे. त्र्याहत्तराव्या वर्षी बाई भाजी आणायला खाली उतरली आणि शेजारीण तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली, तर तुमचं पुस्तक तिला काय देणार आहे?

नौपाडा_०२

बाबा, तुमच्या मुलीच्या हक्काचं आधी लिहितो. बालकामगार कायद्याला २०१६ साली दुरुस्ती झाली, त्यात बालकलाकारांना सूट आहे, पण ती २०१७च्या नियमांतल्या अटींसकट. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे, ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. आणि मुलाच्या मर्जीविरुद्ध त्याला कामाला लावायचं नाही, हेही त्यात लिहिलेलं आहे.

अमेरिकेत हे फार आधी झालं, तेही एका मुलाने आईला कोर्टात खेचल्यामुळे. चॅप्लिनच्या १९२१च्या 'द किड'मधला जॅकी कूगन. मोठा झाल्यावर कळलं की लहानपणची कमाई आई आणि सावत्र वडिलांनी उडवली आहे. १९३८ साली त्याने दावा लावला आणि १९३९ साली कॅलिफोर्नियात कायदा आला. तेव्हाही लोक म्हणालेच असतील की आईवर दावा लावतात का. त्याने लावला म्हणून पुढच्या मुलांचे पैसे वाचले. ताईंच्या बहिणीने लिहिलं तर पुढच्या मुलीसमोर उकिडवं बसून "आजी आठव" म्हणायला एखादा असिस्टंट तरी कचरेल. वीस टक्क्यांची पावती मिळते, या गोष्टीची कुठे मिळते?

वाशी_सेक्टर_१७

माझा आक्षेप वेगळा आहे. आईची अब्रू वगैरे बाजूला ठेवू. सात वर्षांच्या मुलाच्या आठवणीवर किती इमारत चढवायची? मोठेपणी आपण जे वाचतो, ज्या शब्दांत विचार करायला शिकतो, ते शब्द जाऊन त्या आठवणीला चिकटतात. मग सातव्या वर्षीच्या मुलीला पस्तिशीतल्या बाईची जखम मिळते.

दुसरं, आता बालकलाकाराने लिहायचं म्हणजे यातनाच लिहायची असा साचा होत चालला आहे. माधव वझे १९५३च्या 'श्यामची आई'त श्याम झाले. त्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. पुढे ते इंग्रजी शिकवत राहिले, नाट्यसमीक्षक झाले, आणि त्या दिवसांबद्दल त्यांनी जिव्हाळ्याने लिहिलं. तेही एका बालकलाकाराचंच लिखाण ना? त्याला कोणी धाडसी म्हणत नाही, कारण त्यात कोणी खलनायक नाही.

आणि आवाज सापडला असं म्हणताना आवाज कोणाचा तेही बघा. हंसा वाडकर १९३६ साली, जेमतेम तेरा वर्षांच्या असताना 'विजयाची लग्ने'मधून पडद्यावर आल्या. घर त्यांच्या कमाईवर चालायचं. त्यांचं 'सांगत्ये ऐका' हे आत्मचरित्र आपण डोक्यावर घेतो, ते घ्यावं असंच आहे. पण त्या बोलल्या आणि शब्दांकन अरुण साधूंचं. नावसुद्धा त्यांच्याच १९५९च्या चित्रपटाचं. मग त्यातला बाईंचा आवाज किती आणि साधूंची लेखणी किती?

कोपरीची_ताई

वाशीकर, आवाजाचं आधी बोलते, कारण हे मी जवळून पाहिलं आहे. बहिणीने पहिली चाळीस पानं फाडून टाकली. का, तर सगळी माणसं मालिकेसारखी बोलत होती. आई दारात थांबून वळून बघते, मग वाक्य म्हणते. बाबा खिडकीकडे तोंड करून बोलतात. आमचे बाबा खिडकीकडे तोंड करून कधी बोलले नाहीत, ते जेवताना बोलायचे, तेही मीठ कमी आहे एवढंच. लहानपणी तिच्या तोंडात पाच वर्षं दुसऱ्यांची वाक्यं होती. घरी भांडतानासुद्धा ती सीनमधलं वाक्य फेकायची आणि आम्ही हसायचो. त्यामुळे संवाद तिला झटक्यात सुचतात आणि "मला भूक लागली होती" हे साधं वाक्य लिहायला आठवडा जातो. ते तिने लिहिलं त्या रात्री साडेबाराला मला फोन केला. एवढंच वाक्य वाचून दाखवलं. मला त्यात तिचा आवाज ऐकू आला, त्याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

हंसाबाईंबद्दल: शब्द कोणी बसवले ते खरं, पण सांगायला बाई स्वतः बसल्या. १९७० साली पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. न सांगता गेल्या असत्या तर आपल्याकडे फक्त 'लोकशाहीर रामजोशी' चित्रपटात त्यांनी केलेली बया राहिली असती.

वझ्यांचं म्हणाल तर मान्य, शंभर टक्के. ज्याला जिव्हाळा मिळाला त्याने जिव्हाळा लिहावा. हिच्या वहीतही आहे तो. मेकअपदादा तिच्यासाठी रोज खिशात चिंचेची गोळी ठेवायचा, त्याच्यावर चार पानं आहेत. पण ज्या दिवशी आजी विकली गेली त्या दिवशीचं तिने चिंचेच्या गोळीसारखं लिहावं का?

बाबा, तुम्हाला विचारते. आई जिवंत असताना लिहू नये, ती दुखावेल. गेल्यावर लिहू नये, ती उत्तर देऊ शकत नाही. मग लिहायचं कधी?

कळव्याची_मावशी

मी उत्तर देते. लिहायचं कधीही, छापायचं थांबून. माझ्या सासूबाईंबद्दल मी दोन वह्या भरल्या आहेत, त्या ट्रंकेत आहेत. मन हलकं झालं, कोणाचं वाईट झालं नाही. या मुलीची आई काही राक्षसीण नव्हती गं. तेव्हा टीव्हीवर पोरगी दिसणं म्हणजे अख्ख्या चाळीला सण होता. आम्ही दुसऱ्यांच्या मुली बघायला टीव्हीसमोर बसायचो आणि आपल्या मुलीला का नाही घेतलं म्हणून हळहळायचो. तेव्हा आम्ही सगळ्याच टाळ्या वाजवत होतो.

नौपाडा_०२

मावशी, तुमच्या वह्या तुमच्या. पण तुमचा चेहरा लाखो घरांत दिसत नव्हता. या मुलीचं रडणं आम्ही सगळ्यांनी रात्री जेवताना बघितलेलं आहे. ते जाहीर होतं, मग त्याच्यामागचं खाजगी कसं?

ओवळ्याचा_बाबा

ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही हे कबूल. तरी म्हणतो, आधी आईला वाचून दाखवा. छापल्यावर तिला बाहेरून कळलं तर ते अक्षम्य होईल.

कोपरीची_ताई

बाबांचं ऐकलं. काल रविवारी दुपारी दोघी आईकडे गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तिला वाचवत नाही, म्हणून बहिणीने मोठ्याने वाचलं. घोडबंदरचं प्रकरण आलं तेव्हा माझेच हात गार पडले होते. आई लसूण सोलत होती, ती सोलतच राहिली. टाळ्यांच्या वाक्याला थांबली.

म्हणाली, "हे चुकलंय. हिने डबा खाली ठेवला नव्हता. मी घेतला हिच्या हातातून. म्हटलं, वाजव गं, तुझी बहीण आहे."

बहिणीने वहीत समासात लिहून घेतलं. आई म्हणाली, "आता पुढे वाच." तीन तास वाचलं. दोन ठिकाणी आई म्हणाली, असं नव्हतं झालं. एका ठिकाणी ती उठून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. परत आल्यावर चहाचं आधण ठेवलं. छापा किंवा छापू नका, यातलं काही बोलली नाही. निघताना बहिणीच्या हातावर लसणाची चटणी दिली, मला दिली नाही.

वाशी_सेक्टर_१७

ताई, आठवणीचा माझा मुद्दा तुमच्या आईनेच सिद्ध केला. फक्त त्या दुरुस्तीने बहिणीचं पान खोटं पडलं नाही, आणखी जड झालं. ती समासातली ओळ मजकुरात घालू नका. समासातच छापा.

ओवळ्याचा_बाबा

वाचलं. दोनदा वाचलं. माझं मत बदललेलं नाही. आईने जे घरात कबूल केलं ते घरातच राहायला हवं, त्याची किंमत तिथेच आहे.

नौपाडा, ते वीस टक्क्यांचं. आम्हाला आजवर एकही पावती मिळालेली नाही. आज प्रॉडक्शनला मेसेज टाकला आहे. ती परवानगी ठाण्याच्या कलेक्टर ऑफिसात बघायला मिळते का?